ग्रामीण बीडचा दरडोई खर्च एवढा कसा निघतो? उपभोग खर्च पाहणीचे कच्चे आकडे वापरताना अडले आहे

माजलगावची लेक

नमस्कार. मी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे, दुसरं वर्ष. घर माजलगाव तालुक्यात, सध्या मुक्काम संभाजीनगरला वसतिगृहात. लघुप्रबंधाचा विषय मी हट्टानं घेतला आहे: ऊसतोडीला जाणाऱ्या गावांमध्ये खाण्यावर किती पैसा जातो आणि त्यात रेशनच्या धान्याचा आधार किती. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलपात असतात, म्हणून हा विषय.

सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीतल्या २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीच्या कच्च्या फाईल उतरवून घेतल्या. कुटुंबाची माहिती, खाद्यपदार्थ, नेहमीच्या वापराच्या वस्तू आणि सेवा, टिकाऊ वस्तू, असे चार भाग आहेत. आर ही संगणकप्रणाली वापरून चारही भाग जोडले, सगळा खर्च महिन्यावर आणला, कुटुंबाच्या माहितीत जो आकार दिलाय त्यानं भागलं आणि ग्रामीण बीडच्या सगळ्या कुटुंबांची सरासरी काढली.

ती सरासरी राज्याच्या ग्रामीण सरासरीपेक्षा वर आली. प्रसिद्ध झालेला महाराष्ट्राचा ग्रामीण आकडा दरडोई महिना ४,०१० रुपये आहे. आमच्याकडचं जगणं मी रोज बघितलेलं आहे, मला हे पटत नाही.

आणखी दोन गोष्टी विचित्र दिसल्या. एक, काही कुटुंबांचा आकार एका भागात वेगळा आणि दुसऱ्या भागात वेगळा. एका घरात तीन माणसं, त्याच घरात दुसऱ्या फाईलमध्ये सात! नोंदणीतली चूक असणार असं धरून अशी सगळी कुटुंबं मी काढून टाकली. दोन, ज्वारी. शेत असलेल्या घराची दहा किलो ज्वारी आणि भूमिहीन घराची दहा किलो ज्वारी, दोन्हींच्या किमतीत बराच फरक दिसतो, आणि भूमिहीनाची महाग. गरीब माणूस महागडी ज्वारी कशाला खाईल?

मार्गदर्शक सर म्हणतात, टोकाचे आकडे काप आणि समीकरणं चालवून पुढे चल, वेळ कमी आहे. पण आकडाच खोटा असेल तर पुढची समीकरणं कशाच्या जोरावर उभी करू? कुणी हे काम केलं असेल तर सांगा. माझं नेमकं चुकतंय कुठे?

कोथरूडकर

तुमच्या लिहिण्यावरून तीन चुका मला तरी स्पष्ट दिसतात. तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

पहिली, गुणक. प्रत्येक कुटुंबापुढे एक गुणक दिलेला असतो, म्हणजे हे एक घर लोकसंख्येतल्या किती घरांच्या वतीनं बोलतंय तो आकडा. प्रत्येक गावात १८ कुटुंबं निवडतात, पण चिठ्ठ्या टाकून सरसकट नाही. ग्रामीण भागात आधी जमिनीच्या प्रमाणात कुटुंबांचे थर पाडतात आणि प्रत्येक थरातून ठरावीक घरं घेतात. त्यामुळे गावात जास्त जमीनवाले मोजके असले तरी नमुन्यात त्यांना जागा मिळतेच. गुणक न लावता सरासरी काढली की त्यांचं वजन फुगतं आणि आकडा वर जातो.

दुसरी चूक जास्त लोक करतात, मीही पहिल्या वर्षी केली होती. तुम्ही कुटुंबांची सरासरी काढली, पण 'दरडोई' म्हणजे माणसांची सरासरी. आठ जणांचं घर आणि दोघांचं घर यांना सारखंच वजन दिलं तर मोठं घर, जे बहुधा गरीब असतं, मागे पडतं. गुणकाला कुटुंबाच्या आकारानं गुणा आणि तो भार लावा.

तिसरी चूक तुमच्या त्या तीन-सात माणसांच्या घराशी निगडित आहे. २०२२-२३ पासून पद्धत बदलली. पूर्वी एकाच भेटीत सगळी प्रश्नावली भरायचे. आता अन्न, नेहमीच्या वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू यांच्या तीन प्रश्नावल्या तीन वेगवेगळ्या महिन्यांत, तीन भेटींत भरतात, आणि प्रत्येक भेटीत कुटुंबाचा आकार नव्यानं विचारतात. म्हणून अन्नाचा खर्च अन्नाच्या प्रश्नावलीतल्या आकारानं भागायचा, वस्तूंचा वस्तूंच्या, टिकाऊ वस्तूंचा त्यांच्या, आणि मग तीन भागाकारांची बेरीज. सगळं एकाच आकारानं भागलंत तर पहिल्या भेटीत घरात तीनच माणसं असतील आणि पुढच्या भेटीत सात जणांचा खर्च नोंदला असेल, तर सातांचा खर्च तिघांवर पडणार.

आता जिल्ह्याबद्दल. ही पाहणी राज्य पातळीच्या अंदाजासाठी आखलेली आहे. देशभरात ८,७२३ गावं आणि ६,११५ शहरी गट मिळून २,६१,७४६ कुटुंबं, हे ऐकायला फार वाटतं. पण एका जिल्ह्याच्या ग्रामीण भागात दहा गावं आली असं धरा, १८ नं गुणलं की १८० घरं. त्यात दोन गावं बागायती निघाली तर सगळा जिल्हा सुखवस्तू दिसेल. तुमच्या फाईलमध्ये बीडची किती गावं आहेत ते मोजा आणि तो आकडा प्रबंधात पहिल्याच पानावर लिहा. बीडऐवजी मराठवाड्याचे सगळे जिल्हे एकत्र घेता आले तर अधिक बरं.

आणि काहीही नवं काढण्याआधी एक काम करा. राज्याचा ग्रामीण ४,०१० आणि शहरी ६,६५७ हे दोन आकडे तुमच्या कोडमधून निघतात का बघा. ते जुळेपर्यंत बीडकडे वळूच नका. मी नव्या मुलांना एवढंच काम पहिले पंधरा दिवस देतो.

रेशनसाठी: सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या वस्तूंची (त्यात रेशनचं धान्यही आलं) किंमत धरून आणि न धरून असे दोन्ही आकडे प्रसिद्ध झाले आहेत. देशाच्या ग्रामीण भागात न धरता ३,७७३, धरून ३,८६०. तुमच्या विषयाचा जीवच त्या फरकात आहे, तेव्हा कोणता आकडा वापरला ते प्रत्येक तक्त्याखाली लिहायला विसरू नका.

निवृत्त अन्वेषक, लातूर

पोरी, तुला एकेरीच लिहितो. माझी थोरली लेक तुझ्याहून मोठी आहे.

कोथरूडकरांनी हिशोबाचं सांगितलं ते बरोबर आहे, त्यात मला भर घालायची नाही. मी दाराच्या अलीकडचं सांगतो. १९९५ ला घरोघर जाऊन ही माहिती भरायच्या कामाला लागलो आणि २०२३ च्या पाहणीनंतर निवृत्त झालो. लातूर, बीड, धाराशिव आणि थोडा नांदेड, एवढं माझं रान.

तू जी घरं चूक म्हणून काढून टाकलीस ना, ती परत आण. आधी ती परत आण, मग पुढचं वाच. तुझा विषय त्या घरांतच आहे.

एक घर सांगतो. गाव सांगणार नाही, ते सांगायचं नसतं. २०२३ चा फेब्रुवारी. तांड्यावरचं पत्र्याचं घर, ओट्यावर म्हातारी, दोन नातवंडं शाळेतून आलेली. विचारलं, घरात माणसं किती? म्हणाली, सात. आज रात्री या चुलीवर जेवणार किती? म्हणाली, आम्ही तिघं. दोन्ही लेक आणि दोन्ही सुना, म्हणजे दोन कोयते (ऊसतोडीत एका जोडप्याला एक कोयता म्हणतात), कारखान्यावर. कधी गेले? दसरा झाला अन् दुसऱ्या दिवशी टोळी हलली. येणार कधी? ती म्हणाली, पट्टा पडला की येतील, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला की.

आता माझ्या सूचनापुस्तिकेत काय लिहिलंय बघ. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. तात्पुरता बाहेर गेलेला माणूस कुटुंबात धरायचा. पण तो सहा महिने किंवा त्याहून जास्त बाहेर राहणार असेल तर धरायचा नाही. त्या साली दसरा होता ५ ऑक्टोबरला, पाडवा २२ मार्चला. पाडव्याला परतले तर साडेपाच महिने, म्हणजे सात माणसं. अक्षय तृतीयेला परतले तर साडेसहा, म्हणजे तीन माणसं. मी पुन्हा विचारलं, पाडव्याला येतील की अक्षय तृतीयेला? म्हातारी म्हणाली, "गेल्या साली अक्षय तृतीया उलटली तरी ऊस उभाच होता, मला काय इचारतोस?" खरंच होतं तिचं. २०२१-२२ चा हंगाम मराठवाड्यात फार लांबला होता, ऊस शेतात वाळत होता. मी तीन लिहिलं.

मार्चच्या भेटीतही तीनच. एप्रिलला गेलो तर अंगणात बैलगाडी, सुना धुणं वाळत घालतायत, घर भरलेलं. सात लिहिलं. तुला दिसलेलं घर हेच असेल असं नाही. पण अशा घरात तीनही खरं आहे आणि सातही खरं आहे. त्या फाईलमध्ये ऊसतोड असा रकाना नाही, पण हंगाम चालू असताना झालेल्या भेटीत आकार तीन आणि पट्टा पडल्यावर सात, हीच त्या घरांची खूण. तू नेमकी तीच खूण पुसलीस. कोणत्या महिन्यात कोणती भेट झाली ते बघ, मग तुला कळेल.

ज्वारीचं. ज्यानं घरची ज्वारी खाल्ली तिची किंमत शेतावरच्या भावानं धरायची असा नियम आहे. ज्यानं बाजारातून आणली त्याची दिलेल्या भावानं. दाणा तोच, भाकरी तीच, पण एकाच्या नावावर कमी पैसे आणि दुसऱ्याच्या नावावर जास्त. भूमिहीन महागडी ज्वारी खात नाही, विकत खातो. म्हणून पैशाबरोबर किलोही बघत जा. खाण्याच्या जिनसांचं प्रमाण फाईलमध्ये आहे, ते आम्ही घाम गाळून लिहिलेलं आहे.

घाम का म्हणतो ते सांगतो. म्हातारी किलोत बोलत नाही. ती मापट्यात बोलते, पायलीत बोलते, आणि पायली दर दोन गावांआड बदलते. मी पिशवीत छोटा काटा ठेवायचो. तिचं मापटं भरून मागायचो, तोलायचो, आणि मग विचारायचो की दिवसाला किती मापटी दळण लागतं. तेलाचं तर विचारूच नकोस. आणलं किती ते सगळ्यांना सांगता येतं, पण आपल्याला हवं असतं खाल्लं किती. ती बाटली आणून दाखवायची: "इथवर होतं आयतवारी, आता इथवर आलंय." मी बाटलीवर बोट ठेवून अंदाज घ्यायचो. अशा चारशेच्या वर जिनसा. तिसऱ्या भेटीला बायका म्हणायच्या, आता पुरे करा, आमची रोजाची वेळ गेली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

किती दिवसांचं विचारायचं, यावर सगळा देश भांडलाय हे तुला माहीत असेल. माझ्या सुरुवातीच्या काळात, १९९९-२००० च्या फेरीत, खाण्याच्या जिनसांना सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन रकाने शेजारी-शेजारी दिले होते. मी स्वतः भरलेले आहेत ते. बाई सात दिवसांचं सांगायची, आणि तीस दिवसांचं विचारलं की मनात चारानं गुणून सांगायची. ती आठवत नव्हती, हिशोब करत होती. मला ते दिसत होतं, पण रकाना भरायचाच होता. त्या फेरीवरून देशातलं दारिद्र्य १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आलं असं निघालं आणि मोठा वाद झाला. पुढे अँगस डीटन यांनी ज्या वस्तूंचा प्रश्न बदलला नव्हता, जळण वगैरे, त्यांच्या आधारानं दुरुस्ती सुचवली. त्यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं, ती बातमी मी लातूरच्या स्टँडवर वाचली आणि त्या दोन रकान्यांची आठवण झाली.

आता भाजी, तेल, मांस-मासळी, अंडी, फळं, मसाला, तंबाखू हे सात दिवसांचं. धान्य, डाळ, दूध, साखर तीस दिवसांचं. कपडे, चपला, शिक्षण, दवाखान्यात भरती, टिकाऊ वस्तू वर्षाचं. ऊसतोडीच्या घरात मी वर्षाचा प्रश्न विचारला की उत्तर एकाच जागी येऊन थांबायचं: उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, मिळाली तेव्हा. कपडे उचलीतून, पोरांचं दप्तर उचलीतून, चांदीचे जोडवे उचलीतून. मग सात दिवसांच्या रकान्यात तेल-भाजी-मिरची आणि वर्षाच्या रकान्यात सगळी ओझी. तू खाण्याचा वाटा टक्केवारीत काढणार आहेस ना? मग हे ध्यानात ठेव.

अजून एक, सालगड्याचं. घरच्या चुलीवर शिजलेलं अन्न त्याच घराच्या नावावर लागतं, मग पंगतीला कुणीही असो. मालकाकडे दोन वेळ जेवणारा सालगडी असेल तर त्याच्या घरची ज्वारी कमी दिसते आणि मालकाची जास्त. तुला वाटेल हा माणूस उपाशी आहे. तो जेवतोय, पण दुसऱ्याच्या पानावर.

दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेत बसून जे दाखवलं, की खेड्यात महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये दरडोई ही किमान रेषा धरली तरी १९६०-६१ साली ४० टक्के ग्रामीण आणि ५० टक्के शहरी माणूस तिच्या खाली होता, ते याच नमुना पाहणीच्या आकड्यांवर. म्हणजे माझ्या आधीच्या पिढीतल्या कुणीतरी असंच ओट्यावर बसून मापटं मोजलं होतं. २०१७-१८ ची फेरी मी अशीच मन लावून केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध होणार नाहीत असं जाहीर झालं. त्या वर्षी ज्या बायकांनी मला दोन-दोन तास दिले त्यांची तोंडं मला आजही आठवतात. तू हे आकडे वापरते आहेस याचा मला फार आनंद आहे. पण घर काढून टाकण्याआधी दहा वेळा विचार कर.

धारूरचा मास्तर

काकांचं वाचून माझ्या आईची आठवण झाली. आमचं घर अगदी असंच. मी सातवीपर्यंत दर दिवाळीनंतर आजीजवळ, आई-बाबा कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, कधी सांगली, कधी कर्नाटकात.

एक गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही ती सांगतो. कोपीवरचा किराणा रोख नसतो. मुकादमाच्या ओळखीनं एका दुकानात खातं उघडतात, त्याच्यावर सगळं. तेल किती, डाळ किती, भाव काय लावला, हे आईला माहीत नसायचं. हंगाम संपला की उचलीतून वळतं व्हायचं. तिकडे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून जे सुटे पैसे यायचे त्यातूनच भाजी, चहा-साखर. आजीला विचारलं असतं की तुझा लेक सात दिवसांत काय खातो, तर ती काय सांगणार? आणि कारखान्याच्या माळावरच्या कोपीत कुणी पाहणीवाला आलेला मी तरी कधी बघितला नाही.

माझ्या वर्गात आज ४१ मुलं पटावर आहेत. डिसेंबरात कोण आजीकडे राहिलं आणि कोण कोपीवर गेलं याची यादी मी दर वर्षी हातानं करतो. ताई, तुम्हाला गावपातळीवर काही विचारायचं असेल तर पालकांशी बोलणं करून देईन. नावं मात्र कुठेही छापायची नाहीत.

माजलगावची लेक

तिघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लावले, कारण सांगितलेलं सगळं आधी करून बघितलं.

गुणक लावला, माणसांचा भार धरला, तिन्ही भाग आपापल्या आकारानं भागले. राज्याचा ग्रामीण आकडा जुळला. जुळला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खोलीतल्या मैत्रिणीला उठवून सांगितलं. बीडची सरासरी खाली आली, चांगलीच खाली. आकडा इथे लिहीत नाही. गावं मोजली आणि कोथरूडकर सरांचं म्हणणं पटलं, एवढ्या गावांच्या जोरावर जिल्ह्याबद्दल बोलायचं धाडस नको. मराठवाड्याचे सगळे जिल्हे एकत्र घेते आहे.

काढून टाकलेली घरं परत आणली. काका, तुम्ही म्हणालात तसं भेटीच्या महिन्यांनुसार लावून बघितलं. भेटी हंगामाच्या आत-बाहेर पडल्या असतील तिथे आकार बदलतो, आणि अशा घरांत म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं एवढीच पहिल्या भेटीत. मी ती रांगच्या रांग बघत बसले होते. वय ६५, वय ९, वय ७. पुन्हा खाली, वय ६०, वय ११. दोन आठवड्यांपूर्वी यांनाच मी चूक म्हटलं होतं. आता प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण या घरांवर करते आहे. मार्गदर्शक सरांना दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, कर.

मास्तर, तुमच्या शाळेला नक्की येते. मार्चमध्ये परीक्षा संपली की कळवते.

परवा घरी गेले होते तेव्हा प्रश्नावली छापून नेली. म्हटलं, दुसऱ्याच्या आईची उत्तरं वापरते आहे तर आपल्या आईला एकदा विचारून बघावं. फक्त अन्नाची भरायला दीड तास लागला. लसूण किती, म्हटल्यावर आई थांबली. मग म्हणाली, सात दिवसांत म्हणजे पाहुणे आले तो दिवस धरून की सोडून? हळदीशी तर आम्ही दोघी हरलो, चमचा तोलून बघितला तरी जमेना. गव्हाचं विचारलं तर रेशनचे आणि घरचे एकाच कोठीत ओतलेले, त्यातले कुठले संपले ते कोण सांगणार?

पण सगळ्यात आधी कुटुंबाचा आकार होता, आणि मी तिथेच अडकले. आई म्हणाली, पाच. पुस्तिकेप्रमाणे वसतिगृहात राहणारा विद्यार्थी म्हणजे एकट्याचं वेगळं कुटुंब. तिला समजावून सांगितलं, की मी इथल्या चुलीवर जेवत नाही म्हणून धरायची नाही. ती म्हणाली, मग दर पंधरा दिवसाला डब्यात लाडू अन् चटणी कुणाच्या चुलीवरची जाते?

काका, त्या लाडवांचं काय करायचं? आमच्या घरच्या नावावर की माझ्या?

निवृत्त अन्वेषक, लातूर

लाडू आईच्या चुलीवर शिजले, तिच्याच नावावर. त्यातले शेंगदाणे, गूळ, तूप सगळं तिच्या घरात लिही. माणसं चार.

कोठीतल्या गव्हाचं मी असं करायचो: रेशन कोणत्या तारखेला आणलं ते कार्डावर किंवा पावतीवर बघायचं, तेव्हा कोठी कुठवर होती ते विचारायचं, आणि महिन्याचं दळण किती वेळा गेलं ते गिरणीच्या पैशांवरून काढायचं. गिरणीचे पैसे बायकांना पक्के आठवतात. पुढच्या वेळी घरी गेलीस की करून बघ आणि इथे कळव.